स्मरणिका यंदा ऑनलाइन (गणेशोत्सव ग्रुप)

सचिव: मंडळी, यंदा स्मरणिका छापायची नाही. पीडीएफ करून सोसायटीच्या वेबसाइटवर टाकू. मजकूर रविवारपर्यंत द्या.

पाटणकर काका: माझा तयार आहे. पुलंचा अख्खा लेख टाइप केलाय, खाली त्यांचं नाव ठळक अक्षरात. चालेल ना?

अ‍ॅड. मेघना: काका, नाही चालणार. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. पुलं २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबा.

पाटणकर काका: थांबतो की 😄 मग साने गुरुजी?

अ‍ॅड. मेघना: खुशाल घ्या. गुरुजी १९५० ला गेले, २०११ पासून त्यांचं लेखन खुलं आहे. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं उचलू नका, ती दुसऱ्याची. आणि पुलंच हवे असतील तर चार ओळी घेऊन त्यावर तुम्ही लिहा. समीक्षेपुरतं उद्धृत करायला कलम ५२ मध्ये सवलत आहे.

रोहन: एवढ्याशा सोसायटीवर कोण केस करतंय?

अ‍ॅड. मेघना: छापील अंक आपल्याच कपाटात राहायचा. वेबसाइटवरचा गूगलला सापडतो.

अनघा काकू: मग काकांचा रोजचा पेपर? पहाटे साडेपाचला अख्खी पीडीएफ येते ग्रुपवर.

अ‍ॅड. मेघना: तेही बसत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये टेलिग्रामवर हेच चाललं होतं. जागरण प्रकाशन दिल्ली हायकोर्टात गेलं आणि मे महिन्यातच कोर्टाने ते चॅनल काढायला, चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. काका, बातमीची लिंक पाठवत जा.

सचिव: अ‍ॅडमिन म्हणून माझ्या गळ्यात येणार का हे सगळं?

अ‍ॅड. मेघना: मेंबरने आक्षेपार्ह पोस्ट टाकली म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. दोघांचा संगनमताचा बेत दिसला पाहिजे. पण ते ग्रुपचं झालं. वेबसाइटवर प्रकाशक सोसायटी स्वतः. तिथे ‘मेंबरने दिलं, आम्ही टाकलं’ म्हणून हात झटकता येणार नाहीत.

रोहन: आणि फोटो? मुखपृष्ठाला नेटवरचा बाप्पा घेतलाय, एकदम झकास.

अ‍ॅड. मेघना: तो काढ. मागच्या वर्षी पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला होता ना? वेगळा करार नसेल तर त्या फोटोंचे हक्क आपलेच. अनघा काकूंनी मोबाइलवर काढलेला मात्र काकूंचा, त्यांना विचारून वापर.

अनघा काकू: दिला! फक्त माझा अंगठा कोपऱ्यात आलाय तो कापा.

रोहन: पीडीएफसोबत आरतीचा ऑडिओही ठेवू?

अ‍ॅड. मेघना: ‘सुखकर्ता’चे शब्द समर्थांचे, त्यावर कुणाचाच हक्क नाही. कंपनीचं रेकॉर्डिंग मात्र कंपनीचं. आपल्या पोरांकडून म्हणून घ्या. आणि सचिवसाहेब, शेवटच्या पानावरची फोन नंबर आणि वाढदिवसांची यादी आधी काढा. कॉपीराइटपेक्षा मला तिचीच धास्ती जास्त आहे. ज्येष्ठांना फसवणुकीचे फोन येतात, आपण नावासकट यादी वाढून ठेवायची?

सचिव: काढतो. यादी छापून घरोघरी देऊ.

पाटणकर काका: साने गुरुजींचा लेख किती शब्दांचा चालेल?

सचिव: दोन पानं, काका. त्याहून जास्त नको.