लॅव्हनमच्या चर्चमध्ये नेव्ह भव्य आणि चॅन्सेल मात्र जुना व लहान का?

प्रश्न – शिल्पवेध

नमस्कार. इंग्लंडमधील मध्ययुगीन पॅरिश चर्चचे (पॅरिश म्हणजे एका चर्चखालचे गाव किंवा परिसर) आराखडे आणि छायाचित्रे पाहत असताना सफक काउंटीतील लॅव्हनमच्या सेंट पीटर अँड सेंट पॉल या चर्चपाशी मी अडलो आहे. लोक जिथे उपासनेसाठी जमतात तो मधला भाग, म्हणजे नेव्ह, उंच, प्रकाशमान आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या पर्पेंडिक्युलर, म्हणजे उभ्या रेषांवर भर देणाऱ्या, शैलीतला आहे. पश्चिमेचा टॉवर सुमारे १४१ फूट उंच आहे. पण पूर्वेकडचा, वेदी असलेला चॅन्सेल त्यांच्यापेक्षा जवळजवळ दीडशे वर्षांनी जुना, १३४० च्या सुमाराचा आहे आणि उंचीनेही बराच कमी आहे. धार्मिक दृष्टीने जो भाग सर्वांत पवित्र, तोच मागे राहावा आणि लोकांच्या उभे राहण्याच्या जागेवर मात्र मोठा खर्च व्हावा, हे मला उलटे वाटते. पैसा संपला म्हणून काम अर्धवट राहिले, असे समजायचे का?

प्रतिसाद १ – जुनी_भिंत

पैसा संपला असे म्हणता येणार नाही. ज्या काळात हे बांधकाम झाले त्या काळात लॅव्हनम हे इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत गावांपैकी एक होते. तिथले निळ्या रंगाचे जाड लोकरी कापड परदेशी जात असे आणि कापडाचे व्यापारी अफाट कमावत असत. खरे कारण इमारतीत नसून पॅरिशच्या हिशेबात आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चची एकच इमारत देखभालीसाठी दोन वाट्यांत विभागलेली होती. तेराव्या शतकापर्यंत ही रीत पक्की झाली होती की चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे पॅरिशच्या मुख्य धर्मगुरूने, करायची आणि नेव्हची पॅरिशमधील लोकांनी. रेक्टरला पॅरिशच्या उत्पन्नाचा दशांश मिळत असे, धान्य आणि गवत यांसारखा त्यातला मोठा वाटा त्याचाच असे, आणि त्याच्या बदल्यात वेदीवरचे छप्पर त्याने सांभाळणे अपेक्षित होते. अनेक ठिकाणी हा रेक्टर माणूस नसून मठ असे. मठाने दशांशाचा मोठा हिस्सा स्वतःकडे घेऊन गावात आपल्या वतीने उपासना चालवणारा धर्मगुरू, म्हणजे व्हिकर, नेमलेला असे आणि त्याला उरलेल्या उत्पन्नावर भागवावे लागे. दूरच्या मठाला किंवा काटकसरी रेक्टरला चॅन्सेल गळत नाही एवढे पुरेसे असे. तो पाडून नवा, उंच, मोठ्या खिडक्यांचा बांधण्यात त्याचा काही लाभ नव्हता.

नेव्हचे तसे नव्हते. तो गावाचा होता, त्यामुळे गावाची ऐपत, हौस आणि शेजारच्या गावाशी असलेली चढाओढ हे सगळे तिथेच व्यक्त होई. लॅव्हनममध्ये दोन प्रमुख दाते होते. एक, ऑक्सफर्डचे तेरावे अर्ल जॉन द व्हिअर. १४८५ च्या बॉझवर्थच्या लढाईत ते जिंकून राजा झालेल्या हेन्री ट्यूडरच्या आघाडीच्या तुकडीचे सेनापती होते, आणि नव्या राजवटीत त्यांची स्थिती एकदम बळकट झाली. दुसरे, कापड व्यापारी थॉमस स्प्रिंग, जे १५२३ मध्ये मरण पावले आणि ज्यांनी मृत्युपत्रात टॉवरच्या कामासाठी २०० पौंड ठेवले. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. टॉवरवर अर्ल घराण्याची चिन्हे आहेत आणि स्प्रिंग घराण्याचीही, म्हणजे सरदार आणि व्यापारी एकाच दगडी पाटीवर शेजारी बसले आहेत. मला स्वतःला त्या चर्चमधली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

प्रतिसाद २ – पूर्वखिडकी

वरील प्रतिसादातील मूळ मुद्दा मान्य आहे, परंतु तो नियमासारखा सगळीकडे लावता येत नाही, आणि त्याचा पुरावा लॅव्हनमपासून थोड्याच मैलांवर, लाँग मेलफर्ड येथे आहे. तिथले होली ट्रिनिटी चर्चही कापडाच्या पैशातूनच, साधारण त्याच पिढीत नव्याने उभे राहिले, पण तिथे नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यात तसा कालभेद दिसत नाही. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एकच लांब, सलग इमारत आहे आणि तिच्याही पूर्वेला १४९६ चे लेडी चॅपल, म्हणजे मेरीचे प्रार्थनागृह, आहे.

तिथे हे शक्य झाले कारण मुख्य दात्याला पूर्वेचीच जागा हवी होती. जॉन क्लॉप्टन यांनी आपली समाधी थेट वेदीच्या उत्तर बाजूला बांधवून घेतली. ही जागा मानाची होती, आणि शिवाय ईस्टरच्या आधी ख्रिस्ताच्या थडग्याचे प्रतीक म्हणून त्या समाधीचाच उपयोग होत असे. म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या सणाचा विधी क्लॉप्टन यांच्या अस्थींवर पार पडे. ज्याला मरणोत्तर इतक्या जवळ राहायचे आहे, तो देखभाल कोणाच्या वाट्याची याचा विचार करत बसत नाही.

म्हणून मी प्रश्न थोडा वेगळा मांडेन. दाते कशासाठी देत होते? लाँग मेलफर्डच्या बाहेरच्या भिंतींवर, दगडात बसवलेल्या अक्षरांत, अमुकच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या पैशातून हा भाग झाला, असे नावानिशी लिहिलेले आहे. लॅव्हनमच्या १५२५ च्या स्प्रिंग चॅपलवरही थॉमस स्प्रिंग आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांच्यासाठी तसाच मजकूर आहे. मरणानंतर आत्म्याला शुद्धिस्थानात काळ काढावा लागतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने तो काळ कमी होतो, अशी श्रद्धा होती. त्यामुळे आपले नाव जास्तीत जास्त लोकांच्या डोळ्यांसमोर राहणे यात केवळ बडेजाव नव्हता, त्यात खरीखुरी गरजही होती. नेव्ह, पोर्च आणि बाजूची चॅपले या दृष्टीने चॅन्सेलपेक्षा अधिक उपयोगाची होती. लॅव्हनममध्ये चॅन्सेलच्या दोन्ही बाजूंना चॅपले जोडली गेली आणि मधला जुना चॅन्सेल मात्र तसाच ठेवला गेला, हे पाहिले की हा व्यवहार स्पष्ट होतो.

या सगळ्याला फार आयुष्य मिळाले नाही. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मास (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) म्हणण्याकरिता ठेवलेल्या देणग्याच सरकारजमा झाल्या, म्हणजे स्प्रिंग चॅपलवरील तारखेला तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती.

(थोडे अवांतर: त्याच १५२५ मध्ये आठव्या हेन्रीच्या युद्धासाठी मागितलेल्या जादा पैशाविरुद्ध लॅव्हनमच्या परिसरात हजारो लोक उठले होते. कापडाचे मालक मजुरांना काम देईनासे झाले होते. चर्चच्या घंटा वाजवून लोकांना गोळा करण्याचा बेत होता, पण एका श्रीमंत कापडवाल्याने घंटांचे लोलक आधीच काढून ठेवले होते, असे सांगतात. टॉवर कोणाच्या पैशाचा, हे त्या दिवशी गावाला नीट समजले असावे.)

प्रतिसाद ३ – अर्धकमान

तारखा ठरवण्याविषयी एक सावधगिरी सुचवतो, कारण मूळ प्रश्नात शैलीवरून काळ ठरवला आहे. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही मध्ययुगीन इंग्लिश शैलींची विभागणी थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रूढ केली. ती उपयुक्त आहे, पण ती खिडकीला किंवा दाराला लागू पडते, संपूर्ण इमारतीला नाही. नॉर्मन काळातले कोरीव दार गावकऱ्यांना आवडत असे, म्हणून आइल, म्हणजे नेव्हच्या बाजूचा समांतर भाग, वाढवताना ते दगडादगडाने सुटे करून नव्या भिंतीत पुन्हा बसवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अशा दारावरून भिंतीचा काळ सांगू गेलात तर दोनशे वर्षांनी चुकाल. उलट, जुन्याच भिंतीत नवी मोठी खिडकी फोडणे हे तर नेहमीचेच होते.

त्यामुळे मी आधी कोरीव काम न पाहता सांधे पाहतो. टॉवरच्या पूर्वेकडील अंगावर उलट्या व्ही आकाराची खूण दिसली, तर ती जुन्या नेव्हच्या अधिक उतरत्या छपराची असते; नंतर भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग, म्हणजे क्लिअरस्टोरी, चढवली गेली. नेव्हच्या कमानींच्या टोकाला जाडजूड भिंतीचा तुकडा अकारण उरलेला दिसला, तर तिथे पूर्वी सलग बाहेरची भिंत होती आणि तिलाच आरपार कापून आइल जोडला, असे समजावे. नॉर्थॅम्प्टनशरमधील ब्रिक्सवर्थ येथे याच्या उलट घडले आहे: अँग्लो-सॅक्सन काळात रोमन विटा पुन्हा वापरून रचलेल्या कमानी आता बाहेरच्या भिंतीत बुजवलेल्या दिसतात, कारण त्यांच्या पलीकडच्या खोल्याच नाहीशा झाल्या. फारसा बदल न होता उरलेली चर्चे असतात, हर्फर्डशरमधील ११४० च्या सुमाराचे किलपेक हे त्यांपैकी एक, पण ती अपवादात्मक. हप्त्याहप्त्याने वाढलेली इमारत हीच सर्वसाधारण गोष्ट होय.

चॅन्सेल नेव्हच्या रेषेत नसून किंचित वाकडा असेल, तर तो क्रुसावर ख्रिस्ताची मान कलली होती त्याचे प्रतीक आहे, असे अनेक माहितीपत्रकांत वाचायला मिळते. त्यावर माझा विश्वास नाही. जुना चॅन्सेल वापरात ठेवून त्याच्याभोवती नवा बांधायचा असेल, तर मधून दोरी धरून रेषा आखता येत नाही आणि थोडा कोन चुकतो, एवढे साधे कारण पुरते.

शिल्पवेध

सर्वांचे आभार. नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यातली ही सीमा उपासनेला आलेल्या सामान्य माणसाला प्रत्यक्ष दिसत असे का? आणि देखभालीची ती वाटणी पुढे कधी संपली?

प्रतिसाद ४ – जुनी_भिंत

दिसत असे, आणि ठळकपणे. दोन्हींच्या मध्ये लाकडी रूड स्क्रीन, म्हणजे क्रूस वर धरणारा आडपडदा, असे (लॅव्हनममध्ये चौदाव्या शतकातली अजून आहे), तिच्यावर क्रुसावरचा ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना मेरी व जॉन, आणि त्यांच्या मागे अनेकदा अंतिम न्यायाचे चित्र. सफकमधीलच वेनहॅस्टन येथे हे चित्र लाकडी फळ्यांवर होते. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना फासला गेला. १८९२ मध्ये डागडुजीच्या वेळी त्या फळ्या निरुपयोगी म्हणून अंगणात टाकल्या, रात्री पाऊस पडला आणि चुना धुऊन निघाल्यावर रंग वर आले. त्या फळ्यांवर तीन आकृत्यांपुरती जागा रंगवलेलीच नाही, कारण तिथे लाकडी मूर्ती जोडलेल्या होत्या. मूर्ती काढल्या गेल्या, त्यांच्या कडा राहिल्या.

देखभालीची वाटणी मात्र संपली नाही. १५३६ ते १५४० दरम्यान मठ विसर्जित झाल्यावर त्यांचे रेक्टरचे हक्क खासगी लोकांना विकले गेले, आणि हक्काबरोबर चॅन्सेलची जबाबदारीही गेली. पुढे सामाईक जमिनींची वाटणी झाली तेव्हा ही जबाबदारी विशिष्ट शेतांना चिकटली. वॉरिकशरमधील अ‍ॅस्टन कँटलो येथे १७४३ च्या वाटणीतील अशाच एका जमिनीच्या मालकांकडे पॅरिशने चॅन्सेलच्या दुरुस्तीचा खर्च मागितला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि २००३ मध्ये निकाल पॅरिशच्या बाजूने लागला. त्यानंतर अशा जबाबदाऱ्यांची जमीन नोंदणी कार्यालयात नोंद करण्यासाठी १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत मुदत होती. जिथे नोंद झाली नाही तिथे त्यानंतर जमीन विकत घेणाऱ्यावर ती सामान्यतः लागू होत नाही, आणि जिथे झाली तिथे ती आजही लागू आहे.