भीती नेमकी कुठं वाटली? सीमाभागातल्या भयपटवेड्यांचा अनुभव धागा

भयपट बघतो असं सांगितलं की बेळगावात पहिला प्रश्न येतो, "रात्री झोप लागते काय रे?" आणि लगेच दुसरा, "कुठल्या भाषेतला?" सकाळी मराठी पेपर, दुपारी कन्नड कचेरी, संध्याकाळी हिंदी मालिका आणि रात्री हेडफोन लावून कोरियन भूत, असा ज्यांचा दिवस जातो त्यांच्यासाठी हा धागा. पाट्यांवरून आपल्याकडं भांडणं झाली, भुतावरून झालेली मी तरी ऐकली नाहीत.

नुसत्या नावांची यादी नको. काय बघितलं, कुठं बसून बघितलं, आणि भीती कुठल्या जागी वाटली ते लिहा. वाटली नसेल तर तेही चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. भूत जितकं उशिरा दिसेल तितका सिनेमा चांगला, दिसलंच नाही तर उत्तम. आरशात मागं उभी राहिलेली बाई आणि कानठळ्या बसवणारं संगीत ह्याला मी भयपट म्हणत नाही. मांजरानं माळ्यावरून उडी मारली तरी माणूस दचकतो, त्याला तिकीट कशाला?

शहापूर, बेळगाव. पेन्शनर

"दिसलंच नाही तर उत्तम" म्हणणाऱ्यानं पुढच्या रांगेत बसून कधी सिनेमा पाहिलेला दिसत नाही. आमच्या वेळी तिकीट काढलेल्या माणसाला सैतान दिसला नाही तर खुर्च्यांचं काही खरं नसायचं. रामसे बंधूंनी हे बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या वडिलांच्या 1970 च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' ह्या सिनेमात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात असा प्रसंग होता. सिनेमा पडला. पण लोक तेवढ्या एका प्रसंगासाठी येऊन बसतात हे पोरांनी हेरलं, आणि 1972 ला 'दो गज जमीन के नीचे' काढून दुकान थाटलं.

1984 चा 'पुराना मंदिर' मी टॉकीजमध्येच पाहिला. त्यातल्या सामरी ह्या सैतानाचं मुंडकं एकीकडं पेटीत बंद, धड दुसरीकडं पुरलेलं, आणि ही दोन्ही एकत्र आली की संपलंच. अजय अगरवाल नावाच्या माणसानं ते काम केलं होतं. मेकअपचा खर्च त्याच्यावर कमीच झाला असणार, असं आमच्या गल्लीचं एकमत. पडद्यावर दार कुरकुरलं की बाल्कनीतून कोणीतरी "आलं रे आलं" ओरडायचा आणि बायकांच्या बाजूनं हसण्याचा लोट. त्या गोंगाटात भिणार कोण? तरी जायचो, दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तिखटमीठ लावून सांगायला मिळायचं म्हणून.

खरा भ्यालो 'रात'ला. 1992, रामगोपाल वर्मा. त्यात रेवती सिनेमा बघायला गेलेली असते आणि बघता बघता सगळा हॉल रिकामा. आम्ही बसलेलो शेवटच्या खेळाला, पावसाचे दिवस, हॉल मुळातच निम्मा मोकळा. शेजारच्या दोस्तानं माझं मनगट धरलं ते इंटरव्हलपर्यंत सोडलं नाही. त्या प्रसंगात भूत दिसत नाही, एवढं धागावाल्याच्या बाजूनं कबूल करतो. त्यापुढं नाही.

निपाणी भाग. प्राथमिक शिक्षिका

मी भयपटवाली नव्हे. पुण्याच्या मुलीनं सुट्टीत 'लपाछपी' लावून दिला, म्हणून पाहिला. 2017 चा, विशाल फुरियांचा. पूजा सावंत गरोदर आहे, नवरा कर्जबाजारी, दोघं तोंड लपवायला ड्रायव्हरच्या गावच्या घरी येतात. घराच्या चारी बाजूंनी ऊस. बास. पुढचं भूत वगैरे येण्याआधीच माझे हातपाय गार पडले होते.

शहरातल्यांना त्या उसात काय आहे ते कळायचं नाही. आमच्याकडं पंपाची थ्री फेज लाईट पुष्कळदा रात्रीचीच असते. मग बॅटरी, काठी घेऊन मालक दोन वाजता पाणी पाजायला निघतात. ऊस डोक्याच्या वर गेला की आत शिरलेला माणूस चार सऱ्यांवर असला तरी दिसत नाही, फक्त पाला खसखसतो. वारा नसताना खसखसला की हाक मारायची. उलटून हाक आली तर बरं. हल्ली बिबट्याच्या बातम्या येतात, त्यामुळं हाक मारताना घसा आणखीच कोरडा. घरात मी जागीच असते, झोप कुठली? तर ही पूजा सावंत त्या उसात पळते आणि फिरून फिरून त्याच जागी येते. आमच्याकडं त्याला चकवा म्हणतात. मी मुलीला म्हटलं, बंद कर गं.

पुन्हा लावला तो तुळसाबाईसाठी. उषा नाईक. एवढ्या मायेनं घास भरवते की अंगावर काटा येतो. पोटात मुलगा की मुलगी ह्या प्रश्नावर सगळा सिनेमा उभा आहे, आणि वर्गात पोरींची हजेरी घेताना तो मला आठवत राहिला. शेवटी सगळं उलगडून समजावतात ते नको होतं, बायकांना आधीच कळलेलं असतं. त्याच दिग्दर्शकानं 2021 ला हिंदीत 'छोरी' केला. ऊस तोच, पण ती माणसं मला परकी वाटली. तुळसाबाईसारख्या बाईच्या पंगतीला मी जेवलेली आहे.

धागावाला: बाई, ह्याच्यापुढं माझं मत मागे घेण्याची वेळ आली आहे. घेत नाही, पण आली आहे.

उद्यमबाग. इंजिनिअरिंगचा पोरगा

सर्वांना नमस्कार, मोठं लिहिता येत नाही. 2025 मध्ये बघितलेल्यात दोन भारी. 'वेपन्स' मध्ये एकाच वर्गातली सतरा पोरं रात्री 2:17 ला दारं उघडून हात पसरून पळत सुटतात, सिनेमा तिथून सुरू. पहिला अर्धा भाग कडक. 'सिनर्स' 1932 च्या मिसिसिपीतला. गाण्याची रात्र रंगली आहे आणि बाहेर व्हॅम्पायर उभे, पण आतून कोणी या म्हटल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. मायकेल बी. जॉर्डनचा डबल रोल आहे म्हटल्यावर आईपण येऊन बसली. तिचं म्हणणं, "एवढं आदबीनं विचारतात, आपल्याकडची भुतं विचारत पण नाहीत."

पण माझा एक नंबर अजून 'हेरेडिटरी'च, 2018 चा. त्यातली पोरगी टाळूला जीभ लावून टक असा आवाज करते. रूममेटला हे कळल्यापासून लाईट गेली की तो तेवढंच करतो. त्याला कोणीतरी समजवा.

सिव्हिल हॉस्पिटलच्या मागची गल्ली. नर्स

रात्रपाळी करून आल्यावर भयपट लावते. पाच मिनिटांत गाढ झोप. शिफारस: कुठलाही.

खानापूर. परिवहनच्या बसचा चालक

सिनेमातला घाट मला पटत नाही. रात्री गाडीपुढं पांढऱ्या साडीतली बाई येते म्हणे. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला उतरताना जुलैत धुकं असं बसतं की बाई सोडा, बैल आडवा आला तरी बंपरला लागेपर्यंत कळत नाही. गव्यांचा कळप रस्त्यात उभा राहिला तर हॉर्न द्यायचा नाही, लाईट बारीक करून थांबायचं. भीती असलीच तर ही.

म्हणून 'तुंबाड' आवडला. 2018 ला आला तेव्हा हुकला होता. सप्टेंबर 2024 ला पुन्हा लागला तेव्हा पोरगा बेळगावला घेऊन गेला. पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळीच जास्त चालला म्हणतात, गर्दी बघून मला खरं वाटलं. त्यातला पाऊस खरा आहे. पत्र्यावरचा, कौलावरचा, चिखलातला, सगळा वेगवेगळा वाजतो. राही अनिल बर्वेंच्या लोकांनी पावसाळ्यामागून पावसाळे त्यावर घालवले, आणि ते दिसतं. 1918 ते 1947 एवढ्या काळात तो विनायक सोन्याच्या एकेका मुद्रेसाठी कणकेच्या बाहुल्या घेऊन त्या विहिरीत उतरतो. विहिरीतल्या त्या राक्षसाचं, हस्तरचं, मला काही वाटलं नाही. बाप पोराला उतरायचं कसं ते शिकवतो, तिथं मी माझ्या पोराकडं बघितलं. तो पॉपकॉर्न खात होता.

परत येताना गाडी त्यालाच चालवायला दिली.

टिळकवाडी. वाचनालयाची जुनी सभासद

चालकदादा, 'तुंबाड'चं नाव श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं आणि बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं. दोघांचा बाज किती वेगळा, आणि सिनेमा एकच! ज्यांना धारप माहीत नाहीत त्यांनी आधी ते वाचावेत, मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. पडद्यापेक्षा छापील भूत मला जास्त जड जातं, कारण त्याचा चेहरा आपल्याच ओळखीचा निघतो. ह्याच्यावर वाद घालायचा असेल तर दुपारी चारनंतर या, आधी मी झोपलेली असते.

गोकाक तालुका. माहेर मराठी, सासर कन्नड

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंशी बोलायला माझ्याकडं चार शब्द होते. घरी टीव्ही एक, रिमोट त्यांच्याकडं. एका रविवारी 'आप्तमित्र' लागला. 2004 चा, विष्णुवर्धन आणि सौंदर्या. गोष्ट मला कळत होती, कारण हिंदीतला 'भूल भुलैय्या' पाहिला होता. दोन्हींचं मूळ 1993 चं मल्याळम 'मणिचित्रताळु'. मी हाताच्या खुणा करून सासूबाईंना आधीच सांगायला लागले की भूत नाही, बाईच्या मनाचं दुखणं आहे. त्यांनी "सुम्मने कूडु" म्हणून मला गप्प केलं. सौंदर्या नागवल्ली ह्या मेलेल्या नर्तकीसारखी नाचायला लागली तशा त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला वाटलं भ्याल्या. तर नाही. सौंदर्या हा सिनेमा लागायच्या आधीच, एप्रिल 2004 मध्ये, विमान कोसळून गेली. "तिनं स्वतः हे बघितलंच नाही," हे त्या कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांचं सगळं बोलणं समजलं.

त्यानंतर आमच्या घरी अमावास्येला भयपट ठरलेला. त्यांच्या आवडीचा 1979 चा 'ना निन्न बिडलारे', अनंत नाग आणि लक्ष्मीचा. त्यात शेवटी राघवेंद्र स्वामींच्या कृपेनं सुटका होते, म्हणून रात्री बघायला त्यांची हरकत नसते. 'भ्रमयुगम' मी लावला, मम्मूटीचा, सगळा काळापांढरा. त्या म्हणाल्या, टीव्ही बिघडलाय, उद्या मेकॅनिकला बोलवा.

शेवटचा थिएटरात पाहिलेला 'सु फ्रॉम सो', जुलै 2025. समुद्राकडल्या गावात एक पोरगा अंगात आल्याचं सोंग करतो आणि सगळं गाव त्याला सोमेश्वरची सुलोचना मानून बसतं. हॉलभर हसणं. सासूबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ज्या बाईचं नाव घेतलं तिच्या घरच्यांना काय वाटलं असेल? सिनेमा खरं म्हणजे तिकडंच जातो, पण हसण्याच्या भरात किती जणांच्या लक्षात आलं कोण जाणे.

भालकी, बीदर. सध्या बंगळुरूत

'स्त्री' हा हिंदी सिनेमा आला तेव्हा ऑफिसमधले दिल्लीवाले चंदेरीची दंतकथा म्हणून सांगत होते. अहो, भिंतीवर लिहून भुतीणीला परत पाठवायची ती कल्पना इकडची. नव्वदीत कर्नाटकात घरांच्या दारांवर 'नाळे बा' लिहायचे. रात्री ओळखीच्या आवाजात हाक येते, उघडलं की संपलं, म्हणून उद्या ये असं लिहून ठेवायचं. रोज येते, वाचते, परत जाते. एवढी कायद्यानं वागणारी चेटकीण दुसरीकडं सापडायची नाही. माझ्या घरमालकीणबाई अजून रात्री पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. पार्सलवाले पोरगे शिव्या देतात.

कडोली. नाव नको

चाळिशी आली तरी बाहुल्यांच्या दुकानात मी शिरत नाही. कारण 'झपाटलेला', 1993. सगळे लक्ष्याला हसायचे, मी सोफ्यामागं. रामदास पाध्यांनी तात्या विंचूला जी मान वळवायला लावली तिचं काय करायचं? 'मुंज्या' 2024 ला मुलांबरोबर पाहिला, तिथंही पिंपळापेक्षा ते कॉम्प्युटरवरचं बेणंच जास्त बडबड्या. बाहुली बरी, हाताला लागते. म्हणूनच वाईट.

धागावाला: भय आणि विनोद एकत्र शिजवण्याचा आता अतिरेक झालाय. एक 'सु फ्रॉम सो' जमतो, त्याच्या मागून रांग लागते. घाबरवायला धीर लागतो, हसवून सुटका करून घेणं सोपं. उगीच आपलं मत.

हल्याळ. एकटी आई, एक मुलगा

तुमच्या 'भूत दिसलंच नाही तर उत्तम'साठी नाव देते: 'भूतकालम', मल्याळम, 2022, राहुल सदाशिवन. घरात आई, म्हणजे 'रात'मधली रेवतीच, आणि नोकरीच्या शोधातला मुलगा, शेन निगम. आजी जाते आणि घर बिघडायला लागतं. आईला आधीपासून नैराश्याचं दुखणं, मुलाचं पिणं वाढलेलं. त्यामुळं त्याला काही दिसलं तरी कोणी विश्वास ठेवत नाही. कितीतरी वेळ आपणही ठेवत नाही. दोघं जेवणाच्या टेबलावर एकमेकांना जे बोलतात ते मला भुतापेक्षा सोसवलं नाही. मी मध्येच थांबवून पोराच्या खोलीत गेले, तो गेम खेळत होता, म्हणाला काय गं, काही नाही म्हटलं.

शेवटी मात्र भूत दाखवतात, आणि चांगलं दाखवतात. शहापूरच्या काकांना तेवढ्यासाठी चालेल.

शहापूर, बेळगाव. पेन्शनर

शेवटी म्हणजे किती वेळानं? मला दहाला गोळी घेऊन झोपावं लागतं.

हल्याळ

शेवटची वीसेक मिनिटं धरा. सोनी लिव्हवर आहे, हिंदी डबिंग मिळालं तरी लावू नका, रेवतीचा आवाज जातो.