प्रति: घरच्या पीसीवर माइनक्राफ्ट सर्व्हर

राउटरवर २५५६५ पोर्ट (माइनक्राफ्टचा ये-जा करायचा दरवाजा) उघडूनही बाहेरची पोरं सर्व्हरवर येत नाहीत, असं वर विचारलंय. आधी राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटकडचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीनं एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, उपयोग शून्य. इकडे जुळे सोलापुरात मला हाच ताप झाला, कंपनीकडून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घेतला तेव्हा सुटला.

आणि व्हाइटलिस्ट, म्हणजे ठरलेल्या खेळाडूंनाच आत घेणारी यादी, पहिल्याच दिवशी लावा. मी आळस केला. पोरांनी महिनाभर खपून तलावासकट सिद्धेश्वराचं देऊळ बांधलं होतं, कुण्या भामट्यानं एका रात्रीत त्यात लाव्हा ओतला! बॅकअप होता म्हणून वाचलो. तो घेताना सर्व्हरला आधी सेव्ह-ऑफ कमांड द्या (आपोआप सेव्ह होणं थांबतं), मग सेव्ह-ऑल (सगळं डिस्कवर लिहिलं जातं), कॉपी झाली की सेव्ह-ऑन (आपोआप सेव्ह परत सुरू). हे शेवटचं विसरू नका, मी विसरलोय एकदा.