मदत हवी आहे: देवनागरी नावांचा सैल शोध आणि पर्यायी लेखनाच्या सूचना

नमस्कार. नाशिकमधील पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्याय घराण्याच्या नामावळीच्या जुन्या वह्यांतील नोंदी आम्ही पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरत आहोत. आपल्या पणजोबांची नोंद शोधत लांबून आलेल्या कुटुंबाला, केवळ आडनावाचे लेखन वेगळे असल्यामुळे रिकाम्या हाताने परतावे लागू नये, ही आमची मनापासूनची इच्छा आहे.

मुख्य अडचण लहान आडनावांची आहे. लेव्हनश्टाइन अंतर (एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते) मोजले तर ‘काळे’ आणि ‘काले’ यांत एका अक्षराचा फरक येतो, पण ‘काळे’ आणि ‘काणे’ यांतही तेवढाच येतो. पहिली जोडी एकाच घराण्याची असू शकते, दुसरी बहुधा नाही. हे अंतर मोजणाऱ्या फझीस्ट्रमॅच या पोस्टग्रेएसक्यूएलच्या विस्तारात अक्षर बदलण्याची किंमत ठरवता येते, मात्र ती सर्व अक्षरांना सारखीच लागू होते. नावांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून पाहणाऱ्या ट्रायग्रॅम पद्धतीत अशा छोट्या नावांची समान त्रिके इतकी थोडी उरतात, की साम्याची ०.३ ही मूळ मर्यादाही गाठली जात नाही. उच्चारावरून नावाला संकेत देणारे साउंडेक्स तर इंग्रजी उच्चारांसाठीच बनलेले आहे. शिवाय ‘गोऱ्हे’मधला ऱ्ह कुणी नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितो, कुणी ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून, एनएफसी या युनिकोड प्रमाणीकरणानंतरही हे दोन प्रकार वेगळेच राहतात.

ळ-ल, ण-न, श-ष आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या एकत्र आणणारी उच्चार-किल्ली वेगळ्या स्तंभात साठवावी, की अक्षरांच्या जोडीनुसार किंमत लावणारे फंक्शन स्वतः लिहावे? सूचनांचा क्रम कोणत्या आधारावर लावावा? देवनागरी नावांवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.