इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर: अर्ध्यावर बदलावा का? (आणि पुण्यातील फ्लॅटचा गुंता)

नमस्कार. आम्ही दोघे सहा वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहत असून येथे पहिल्यांदाच घर घेत आहोत. २,८५,००० पौंडांचा दोन बेडरूमचा लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट पसंत पडला, आमची ऑफर मान्य झाली, त्याला आज नऊ आठवडे झाले. मॉर्गेज मंजूर आहे. घोडे अडले आहे ते सॉलिसिटरच्या, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाच्या कामात, आणि त्याबाबत येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सॉलिसिटर आम्ही नीट शोधलाच नाही. इस्टेट एजंटने एक फर्म सुचवली, "यांच्याकडे काम लवकर होते" असे सांगितले आणि आम्ही होकार दिला. या शिफारशीचे एजंटला कमिशन मिळते, हे त्याच्याच कागदावर बारीक अक्षरांत छापलेले होते; ते आम्ही सह्या करून झाल्यावर वाचले. फर्म दोनशे मैलांवर आहे. सर्व व्यवहार एका पोर्टलवरून चालतो आणि प्रश्न टाकला की पोच तात्काळ येते, उत्तर मात्र दहा-दहा दिवस येत नाही. नऊ आठवड्यांत आमची फाइल तिसऱ्या माणसाच्या हाती गेली आहे. २०११ साली बाबांनी कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट समोर बसून समजावून दिला होता. येथे सगळे दोन वकिलांच्या आपसांतील ईमेलमध्ये घडते आणि ज्याचे पैसे जाणार आहेत तो बाहेर बसून असतो.

आता अडलेल्या गोष्टी. फ्लॅटच्या लीजची ८४ वर्षे उरली आहेत, ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचे भाडे) दर २५ वर्षांनी दुप्पट होतो, आणि यात काही धोका आहे का या प्रश्नाला "आम्ही चौकशी पाठवली आहे" एवढेच उत्तर आहे. बाबा मुदत ठेव मोडून २५ लाख रुपये भेट म्हणून देणार आहेत; त्यासाठी कोणकोणती कागदपत्रे लागतील याची यादी तिघांनी तीन प्रकारची दिली.

तिसरी गोष्ट आमचीच आहे आणि झोप उडवणारी तीच आहे. सुरुवातीच्या फॉर्ममध्ये, जगात कोठेही तुमच्या मालकीचे घर आहे किंवा पूर्वी होते का, असा प्रश्न होता. मी "नाही" असे लिहिले. परवा रात्री जेवताना बायको म्हणाली, "अरे, कोथरूडच्या फ्लॅटच्या इंडेक्स टूवर तुझंही नाव आहे ना?" आहे. इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा; बाबांनी खरेदीच्या वेळी दुसरे नाव म्हणून माझे घातले होते. पैसा सगळा त्यांचा. त्या फ्लॅटची आजची किंमत सुमारे एक कोटी दहा लाख आहे. याचा येथील स्टॅम्प ड्यूटीवर परिणाम होतो का? नसल्यास चिंता मिटली. असल्यास घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घ्यावे का? आणि मूळ प्रश्न: हा सॉलिसिटर बदलावा, की याच्याकडूनच काम करून घ्यावे?

प्रतिसाद १

मी येथे दोनदा घर घेतले आहे, एकदा अशाच पोर्टलवाल्या फर्मकडून आणि एकदा चालत जाता येईल अशा कचेरीतून. मी वकील नाही, तेव्हा अनुभवाइतकेच वजन द्यावे.

आधी तिसरा प्रश्न, कारण तो सर्वांत महाग आहे. आपल्या किमतीच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ३,००,००० पौंडांपर्यंतच्या सवलतीमुळे स्टॅम्प ड्यूटी शून्य पडते. नेहमीच्या दराने ती ४,२५० पौंड होते. आणि खरेदीच्या दिवसअखेर आपल्याकडे जगात कोठेही दुसरे घर, किंवा ४०,००० पौंड वा अधिक किमतीचा घरातील हिस्सा असेल आणि नवे घर जुन्या राहत्या घराच्या बदली घेतलेले नसेल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर (अधिभार), म्हणजे एकूण १८,५०० पौंड. कोथरूडच्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा आजच्या विनिमय दराने ४०,००० पौंडांच्या थोडा वर जातो. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेऊन सुटका नाही, कारण या अधिभारासाठी पती-पत्नीची घरे एकत्र धरतात.

तथापि लगेच हात-पाय गाळू नयेत. कागदावर नाव असणे आणि खरी मालकी असणे यांत येथील करखाते फरक करते, आणि पैसा पूर्ण वडिलांचा असेल तर तो मुद्दा मांडण्याजोगा आहे. पण भारतीय कायद्याने तो हिस्सा कोणाचा, हे पुण्यातील वकिलाने लेखी सांगावे लागेल आणि त्यावर येथील कर-सल्लागाराचे मत घ्यावे लागेल. घर घेण्यापूर्वी आपला हिस्सा वडिलांना बक्षीसपत्राने दिल्यास अधिभार टळेल, पण एकदा मालक होता म्हणजे होता, त्यामुळे पहिल्या घराची सवलत परत मिळत नाही. आपल्या सॉलिसिटरच्या सुरुवातीच्या करारपत्रात "आम्ही करविषयक सल्ला देत नाही" असे वाक्य बहुधा सापडेल, शोधून पाहा. कराचे विवरणपत्र कम्प्लीशननंतर (खरेदी पूर्ण झाल्यावर) १४ दिवसांत तेच भरतात, परंतु त्यातील माहितीची जबाबदारी आपली असते. म्हणून फॉर्मवरचे ते "नाही" आजच लेखी दुरुस्त करा.

आता सॉलिसिटर. बदलण्याआधी काम नेमके कोठे थांबले आहे ते विचारा. लीजहोल्डमध्ये सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च), राखीव निधी, होऊ घातलेली दुरुस्ती यांची माहिती इमारतीच्या मॅनेजिंग एजंटकडून (व्यवस्था पाहणाऱ्याकडून) विक्रेत्यामार्फत यावी लागते, आणि तो गठ्ठा यायला पाच-सहा आठवडे लागलेले मी स्वतः पाहिले आहेत. तो आला नसेल तर जगातील उत्तम सॉलिसिटरही काही करू शकत नाही. आला असून तीन आठवडे कोणी उघडला नसेल, तर मात्र बदलण्याचा विचार रास्त आहे. बदलल्यास झालेल्या कामाची फी द्यावी लागते आणि ओळख-तपासणी पुन्हा करावी लागते. नगरपालिकेचे व सांडपाण्याचे सर्च (घराबाबतच्या चौकशीचे अहवाल) मात्र नव्या फर्मला बहुतेकदा वापरता येतात. नवी फर्म आपल्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहे ना, हे सर्वांत आधी विचारा; माझ्या मेहुण्याने ते विचारले नाही आणि बँकेच्या वेगळ्या वकिलाचा खर्च त्याच्या माथी आला. घराच्या कन्व्हेयन्सिंगचे (खरेदी-विक्रीच्या कायदेशीर कामाचे) दर संकेतस्थळावर देणे सॉलिसिटर फर्मना २०१८ पासून बंधनकारक आहे, म्हणून तुलना करणे सोपे आहे. मी दरापेक्षा एकच गोष्ट पाहतो: फाइल कोण हाताळणार त्याचे नाव, आणि त्याच्याशी दहा मिनिटे फोनवर बोलणे जमते का.

लीजबद्दल ८० हा आकडा ध्यानात ठेवा. मुदत त्याखाली गेली की ती वाढवून घेणे बरेच महाग पडत आले आहे. पूर्वी वाढवण्याचा हक्क मिळण्यासाठी दोन वर्षे मालक असावे लागे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली, त्यामुळे घर घेताच अर्ज करता येईल. तो खर्च धरून किंमत कमी करून मागायला हरकत नाही. दुप्पट होणारा ग्राउंड रेंट आपल्या बँकेला चालतो का, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या.

प्रतिसाद २

भेटीच्या पैशांबाबत: आमच्याकडे सासऱ्यांचे ओळखपत्र, सहा महिन्यांचे खातेउतारे, ठेव मोडल्याची पावती आणि ती ठेव मुळात कशातून झाली (त्यांच्या बाबतीत ग्रॅच्युइटी) याचा पुरावा मागितला होता. शिवाय हे कर्ज नाही आणि घरावर माझा हक्क नाही, असे त्यांच्या सहीचे पत्र. बँकेलाही ही भेट कळवावी लागते. रक्कम एकाच खात्यातून एकाच वेळी आणा. चार नातेवाइकांच्या खात्यांतून फिरवलीत तर चौघांचे उतारे द्यावे लागतील. आणखी एक: पैसे भरण्याच्या वेळी "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असा ईमेल आला तर पैसे न पाठवता आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करा.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी फॉर्ममधील चूक ईमेलने कळवली आणि फोनही केला. पाऊण तास वाट पाहिल्यावर एक बाई बोलल्या. मॅनेजिंग एजंटचा गठ्ठा १७ दिवसांपूर्वीच आला आहे, "रिव्ह्यूच्या रांगेत" आहे. करारपत्र काढून पाहिले: करसल्ला देत नाही हे वाक्य सातव्या पानावर आहे. शुक्रवारपर्यंत लीजबाबत लेखी उत्तर मागितले आहे. न आल्यास फर्मकडे रीतसर तक्रार करीन आणि रेडिंगमधीलच, बँकेच्या पॅनेलवर असलेल्या दोन कचेऱ्यांत सोमवारी जाऊन येईन.

बाबांना इंडेक्स टूची प्रत स्कॅन करून पाठवा म्हणालो, तर त्यांनी २०११ ची अख्खी फाइलच कुरियर केली आहे, बिल्डरच्या पावत्यांसकट. त्यांतील सर्व चेक त्यांच्याच खात्याचे आहेत. अशा प्रकरणात लेखी मत देणारे पुण्यातील वकील कसे शोधावेत आणि साधारण किती फी अपेक्षित धरावी, हे कोणी सांगू शकेल का?