मदत हवी आहे: कारखान्याचा मागचा दरवाजा किती जोरात उघडायला हवा?

नमस्कार मंडळी,
सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. शिलाई विभाग पहिल्या मजल्यावर, साठेक बायका मशीनवर, त्यातल्या बऱ्याचजणी पन्नाशीच्या पुढच्या. मागे लोखंडी फायर डोअर आहे, ते बाहेरच्या जिन्यावर उघडतं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, तेव्हापासून हा दरवाजा डोक्यातून जात नाही.

डोअर क्लोजर (दार आपोआप बंद करणारी स्प्रिंगची यंत्रणा) बसवल्यापासून तो फार जड झालाय. आधी वरची कडी काढायची, मग हँडल दाबून धरायचं आणि तसंच ढकलायचं. परवा आमच्या एका मावशींना खांदा लावूनही तो हलेना. भरदिवसा ही गत, तर धुरात, लाइट गेल्यावर काय? त्यात मालकांना रात्री चोरीची धास्ती, कारण कापडाचे तागे तिथंच रचलेले असतात. म्हणून त्यांना कुलूप हवंय.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सांगते की असा दरवाजा बाहेरच्या बाजूला आणि आतून किल्लीशिवाय उघडला पाहिजे. ते कळलं. पण जोराचा आकडा कोणता धरायचा? आणि कुलपाचं काय करू?

प्रतिसाद
ताई, एनएफपीए १०१ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेचे आकडे धरा. खिटी (हँडल दाबल्यावर आत जाते ती) सुटायला जास्तीत जास्त ६७ न्यूटन, दरवाजा जागचा हलायला १३३, पुढे पुरेसा उघडेपर्यंत ६७. आपल्या भाषेत साधारण ७, साडेतेरा आणि परत ७ किलो. मोजायला लटकवायचा स्प्रिंग काटा चालतो. खिटी आत दाबून ठेवा, काटा बाहेरच्या हँडलला अडकवा आणि दाराशी काटकोनात सावकाश ओढा.

जास्त भरलं तर आधी बिजागऱ्या आणि खाली फरशीला घासतंय का ते बघा. मग क्लोजरच्या स्प्रिंगचा ताण कमी करता येतो का ते विचारा. क्लोजर काढू मात्र नका, आणि दारात लाकडाचा ठोकळा तर कधीच लावू नका. उघड्या फायर डोअरमधून धूर थेट जिन्यात शिरतो.

वरची कडी आजच काढा. कुलपाऐवजी पॅनिक बार लावा: बाहेरून बंद, आतून आडव्या दांडीवर अंग टेकलं की उघडतं. मागून गर्दी रेटत असली तरी ती सुटते. चोरीसाठी दार उघडताच वाजणारा अलार्म जोडा, मालक ऐकतील.

धागाकर्ती
खूप आभार! काटा लावला, दार हलायलाच २० किलोच्या वर लागले. खालची कड फरशीला घासतेय. कडी काढून घेतली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी-जुलैत दाखला देणारी एजन्सी येते, तिला आता दाराचा जोरही तपासायला लावणार आहे. सोलापुरात पॅनिक बार नीट बसवून देणारं कुणी माहीत आहे का? जुन्या लोखंडी दारावर तो बसतो, की दारच बदलावं लागतं?