मदत हवी आहे : गॅलिक कवितेचा मराठी अनुवाद कोणत्या पानावरून करावा?

नमस्कार. स्कॉटलंडच्या गॅलिक भाषेत आज लिहिणाऱ्या कवींच्या दहा-बारा कविता मराठीत आणण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि त्यात एका ठिकाणी अडले आहे. ही पुस्तके बहुधा द्विभाषिक निघतात : एका पानावर गॅलिक, समोरच्या पानावर इंग्रजी, आणि ते इंग्रजी पुष्कळदा कवीनेच केलेले असते. त्यामुळे इंग्रजी पान प्रमाण मानण्यात मला आजवर काही वावगे वाटले नव्हते.

मात्र आठ महिन्यांपूर्वी ड्युओलिंगोवर गॅलिक शिकू लागले आणि माझेच खर्डे मला खटकू लागले. गॅलिकमध्ये पुस्तक 'माझ्यापाशी' असते, भूक 'माझ्यावर' असते आणि प्रेम तर 'माझ्यापाशी तुझ्यावर' असते. आपणही 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असेच म्हणतो. तरीही माझ्या खर्ड्यात 'मी तुझ्यावर प्रेम करते' अशी ओळ उतरली होती. व्याकरणात ती चुकीची नाही, पण त्यातले 'करणे' सरळ इंग्रजी क्रियापदातून आले. दोन्ही भाषांत जे सहज जुळत होते, ते मधल्या पानावर हरवले, याची मला फार हळहळ वाटली.

प्रश्न नव्या पिढीमुळे आणखी अवघड होतो. आधीच्या पिढीतले कवी सॉर्ली मॅक्लेन (१९११–१९९६) स्कॉटलंडच्या रासे बेटावर गॅलिकमध्येच वाढले. आजही पीटर मॅके यांच्यासारखे लुइस बेटावरचे कवी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ते स्कॉटलंडचे राष्ट्रकवी, म्हणजे 'मकार', झाले आणि गॅलिकमध्ये लिहिणाऱ्या कवीला हा मान प्रथमच मिळाला. पण मार्कस मॅक ॲन टूर्निर यांचा जन्म इंग्लंडमधल्या यॉर्कचा. गॅलिक त्यांनी शिकून आत्मसात केली. २०२२ च्या जनगणनेत गॅलिकचा बालेकिल्ला असलेल्या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरही गॅलिक बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याखाली गेले असताना, जे कवी ही भाषा समजून-उमजून निवडतात, त्यांचे गॅलिक पान बाजूला ठेवणे मला त्यांच्यावर अन्याय केल्यासारखे वाटते. क्रिस्टोफर व्हाइट या कवीने तर कवींनी स्वतःच इंग्रजी अनुवाद करण्याच्या रूढीला लेखी विरोध केला आहे.

जाणकारांना विनंती आहे, की ज्यांनी अर्धवट येणाऱ्या भाषेतून, त्या भाषेच्या जाणकाराला शेजारी बसवून शब्दागणिक अनुवाद केला असेल, त्यांनी कामाची पद्धत सविस्तर सांगावी. इंग्रजी पानाचा आधार घेतला, हे प्रत्येक कवितेखाली नोंदवावे की प्रस्तावनेत एकदा पुरे? अनुवादाची परवानगी कवीकडे मागावी की प्रकाशकाकडे? तसेच ग्लासगो, एडिंबरा किंवा स्काय बेटावरच्या गॅलिक महाविद्यालयात शिकलेले कोणी मराठी वाचक येथे असतील, तर तीन कविता माझ्याबरोबर ओळीने वाचायला ते वेळ देऊ शकतील का? दर आठवड्याला एक तास मिळाला तरी चालेल. वेळ तुमच्या सोयीने ठरवू.